तापातली आकडी परत परत येते तेव्हा: ड्राव्हे सिंड्रोमची ओळख

सहा महिन्यांचं बाळ. नुकतंच उष्टावण झालेलं, पालथं पडायला लागलेलं, नजरानजर झाली की हसणारं. दुपारपासून अंग जरा कोमट लागतंय, ताप म्हणावा इतकंही नाही. संध्याकाळी आईच्या लक्षात येतं की बाळाचा उजवा हात एका लयीत हलतोय. मग उजवा पाय, मग चेहऱ्याची उजवी बाजू. हाक मारली तरी बाळ बघत नाही. घरात धावपळ होते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल आणतं, कुणी तोंडात घालायला चमचा शोधतं. रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेलेली असतात आणि हात अजून हलतोच आहे. इंजेक्शन दिल्यावर तो थांबतो.

डॉक्टर सांगतात, ‘तापातली आकडी आहे, बऱ्याच मुलांना येते, घाबरू नका.’ त्या एका आकडीपुरतं त्यांचं बरोबरच असतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात कधी ना कधी आकडी येते. बहुतेकांची दोन-चार मिनिटांत थांबते, मुलाच्या वाढीवर तिचा काही परिणाम होत नाही आणि मूल शाळेत जाईपर्यंत घरचे ती विसरूनही जातात.

पण या बाळाला दीड महिन्याने पुन्हा आकडी येते. या वेळी डाव्या बाजूला, आणि पुन्हा लांबलेली. नंतर एकदा दोन्ही बाजूंना. एकदा तर ताप नसताना, गरम पाण्याने आंघोळ घातल्यावर. मेंदूचा एमआरआय अगदी व्यवस्थित. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, व्यवस्थित. रक्त, साखर, कॅल्शियम सगळं व्यवस्थित. दोन आकड्यांच्या मधल्या काळात बाळ हसतंय, रांगतंय, टाळ्या वाजवतंय. घरच्यांना वाटतं, सगळे रिपोर्ट चांगले आहेत म्हणजे काळजीचं कारण नाही.

मला हा लेख लिहावासा वाटला तो याच टप्प्यासाठी. रिपोर्ट चांगले असताना, बाळ हसतं-खेळतं असताना एक आजार आपली ओळख देत असतो, आणि ती ओळख कोणत्याही एका आकडीत नसते. ती आकड्यांच्या क्रमात असते. हा क्रम पूर्ण पाहिलेला असतो तो फक्त घरच्यांनी. दर वेळी दवाखाना वेगळा, ड्युटीवरचे डॉक्टर वेगळे. प्रत्येकाला दिसते ती एकच आकडी.

या आजाराचं नाव ड्राव्हे सिंड्रोम. शार्लोट ड्राव्हे या फ्रेंच डॉक्टर. मार्सेमधल्या सेंट पॉल केंद्रात त्या अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या मुलांवर उपचार करत. गंभीर अपस्मार असलेल्या मुलांवर तेव्हा सरसकट एकाच निदानाचा शिक्का बसत असे. त्यांतल्या काही मुलांची कहाणी मात्र वेगळीच आहे, हे ड्राव्हेबाईंनी हेरलं: पहिल्या वर्षी तापात लांबलेली आकडी, सुरुवातीला उत्तम वाढ, मग नाना प्रकारच्या आकड्या आणि मंदावत गेलेली वाढ. १९७८ साली त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं. तेव्हा जनुकांच्या चाचण्या नव्हत्या. एकेका मुलाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकणं, एवढंच साधन हाताशी होतं. आजही या आजाराची पहिली शंका येते ती तशीच.

कारण सापडायला पुढे तेवीस वर्षं लागली. २००१ मध्ये बेल्जियमच्या अँटवर्पमधल्या संशोधकांनी असा आजार असलेली सात मुलं तपासली. सातही जणांच्या एससीएन१ए या एकाच जनुकात बिघाड निघाला, आणि तो कुणाच्याही आईवडिलांमध्ये नव्हता.

हे जनुक नेमकं करतं काय?

मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक लहरींनी बोलतात. लहर उठण्यासाठी पेशीच्या भिंतीतली छोटी दारं क्षणभर उघडतात आणि सोडियमचे कण आत शिरतात. अशी दारं बऱ्याच प्रकारची असतात. त्यांतला एक प्रकार कसा घडवायचा, हे एससीएन१ए या जनुकात लिहिलेलं असतं. आता कुणालाही वाटेल की दारं कमी झाली तर वीज कमी होईल, आणि मग आकडी कमी यायला हवी. पण इथे होतं उलटंच. का, ते समजलं तर या आजाराची निम्मी लक्षणं आपोआप उलगडतात.

गणपती विसर्जनाची मिरवणूक आठवा. हजारोंची गर्दी, ढोल, गुलाल. तरीही चेंगराचेंगरी होत नाही, कारण दोर धरून कडं करणारे कार्यकर्ते असतात. मेंदूतही तसंच आहे. बहुसंख्य पेशी पुढे ढकलणाऱ्या, तर काही थोड्या पेशी त्यांना आवरून धरणाऱ्या. एससीएन१एची दारं सगळ्यात जास्त लागतात ती या आवरणाऱ्या पेशींना, कारण त्यांना सतत आणि वेगाने काम करावं लागतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ड्राव्हेच्या मुलांमध्ये त्यांतली एकच धड काम करते. म्हणजे कार्यकर्ते सगळे हजर आहेत, दोरही हातात आहे, पण जेवण मिळालंय निम्मंच. रोजची गर्दी ते कशीबशी आवरतात. अंग तापलं, गर्दीला जोर चढला, की कडं तुटतं. उंदरांवरच्या प्रयोगांतून हे २००६ च्या सुमारास स्पष्ट झालं.

आकड्या जन्मापासून का येत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. सुरुवातीच्या महिन्यांत या दाराचं काम बरंचसं दुसऱ्याच जातीचं दार करत असतं. पुढे ते मागे पडतं आणि एससीएन१एवर भार येतो. तोवर बाळ पाच-सहा महिन्यांचं झालेलं असतं.

वयाबरोबर बदलत जाणारं चित्र

पहिली आकडी बहुतेकदा तिसऱ्या ते नवव्या महिन्यात येते. क्वचित थोडी आधी किंवा वर्ष उलटल्यावर. तीत तीन गोष्टी बघायच्या. एक, ती लांबते. पाच मिनिटांत न थांबता दहा, वीस, कधी तीस मिनिटांच्याही पुढे जाते. दोन, अनेकदा अंगाच्या एकाच बाजूला असते, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूला. ही बाजू बदलणं फार मोलाची खूण आहे. मेंदूत एकाच जागी गाठ किंवा व्रण असता तर आकडी शक्यतो एकाच बाजूला राहिली असती. तीन, उष्णता. भरपूर ताप लागतोच असं नाही. सर्दीची कणकण, लसीनंतरची कसर, उन्हात झालेला प्रवास, कढत पाण्याची आंघोळ, एवढंही पुरतं.

आपल्याकडे बाळाला तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, मग शेक-धुरी द्यायची आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवायचं, अशी रीत आहे. निरोगी बाळाचं त्याने फारसं बिघडत नसेल. पण ज्या बाळाला एकदा लांबलेली आकडी येऊन गेली आहे, त्याच्यासाठी पाणी कोमटच हवं, मग आजी कितीही रागावो. जाता जाता एक सांगतो: डोक्यावर गरम पाणी ओतताना फिट येण्याचा एक वेगळा आजार दक्षिण भारतात, खास करून कर्नाटकात, बराच आढळतो. तो सहसा थोड्या मोठ्या मुलांना होतो आणि त्याची पुढची वाटचाल अगदी निराळी असते. दोन्हींची गल्लत होऊ शकते, म्हणून आकड्या सुरू झाल्या तेव्हा मुलाचं वय काय होतं, हे सांगायला विसरू नये.

एक ते चार-पाच वर्षं हा सगळ्यात खडतर काळ. ताप नसतानाही आकड्या येऊ लागतात आणि त्यांचे प्रकार वाढतात. हातातली वाटी उडून पडावी असा अंगाला बसणारा क्षणाचा झटका. दहा सेकंद कुठेतरी हरवलेली नजर. मूल एकीकडे टक लावून ओठ चावतंय आणि त्याला आपली हाक पोचत नाही. कधी कधी मूल तासन्‌तास, अगदी दिवसभर गुंगीत असल्यासारखं राहतं, लाळ गळते, मधूनच बारीक झटके येतात. घरच्यांना वाटतं औषधाने पेंगुळलंय किंवा हट्टाला पेटलंय. खरं तर ती न दिसणारी, लांबलेली आकडीच असते, आणि तीही डॉक्टरांना दाखवायची असते.

काही मुलांना उजेडाची लपलप सोसत नाही. गाडीच्या खिडकीतून झाडांमागे लपंडाव खेळणारं ऊन, लुकलुकणारी ट्यूबलाइट, पट्ट्यापट्ट्यांची चादर किंवा फरशी. गंमत अशी की काही मुलं त्याच पट्ट्यांकडे ओढली जातात, पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे बघत राहतात किंवा डोळ्यांपुढे बोटं हलवतात. मूल खोडी म्हणून असं करत नाही, म्हणून रागावून उपयोग नाही. चादर बदलावी.

याच काळात वाढ मंदावू लागते. पहिल्या वर्षी सगळं वेळेवर झालेलं असतं: मान धरणं, बसणं, रांगणं, ‘बाबा’ म्हणणं. चालायला लागतं तेही बहुधा थोड्याच उशिराने. पण दीड-दोन वर्षांच्या आसपास बरोबरीची मुलं वाक्यं जोडू लागतात आणि हे मूल चार शब्दांवर रेंगाळतं. शिकलेलं सगळं पुसून जातं असं सहसा होत नाही. नवं येण्याचा वेग कमी होतो आणि समवयस्कांपासूनचं अंतर दर वर्षी वाढतं. बहुतेकदा बोलता येतं त्यापेक्षा समजतं जास्त. लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, झोप मोडते, भूक कमी होते. काही मुलांमध्ये स्वमग्नतेची लक्षणं दिसतात. काही मात्र कमालीची माणसाळलेली असतात, दारात आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात पडणारी. किती परिणाम होईल हे प्रत्येक मुलात वेगळं. सौम्य अडचणींपासून पूर्ण वेळ सांभाळ लागण्यापर्यंत.

पाच-सहा वर्षांनंतर आकड्यांचा जोर बहुधा थोडा ओसरतो. त्या लांबत नाहीत, पण पुष्कळदा झोपेत, पहाटेकडे येतात. तापाशी असलेलं नातं सैल होतं, तुटत नाही. आता चालण्याकडे लक्ष जातं. तोल जातो, हाताला कंप असतो, आणि वाढत्या वयात बऱ्याच मुलांची चाल गुडघ्यात व कमरेत वाकलेली, दबकत चालल्यासारखी होते. ही चाल हळूहळू येते आणि घरात रोज बघणाऱ्याला ती जाणवतही नाही. म्हणून फिजिओथेरपी चाल बिघडण्याच्या आधीपासूनच सुरू असावी, आणि हाडांच्या डॉक्टरांनी अधूनमधून पाय बघावेत.

मोठेपणी आकड्या कमी होतात, पूर्ण थांबणं दुर्मीळ. ही माणसं प्रौढ होतात, त्यांना आवडीनिवडी असतात, मित्र असतात. आपल्याकडे हा आजार ‘लहान मुलांचा’ मानून सोळाव्या वर्षी बालरोगतज्ज्ञांकडची फाइल बंद होते आणि मोठ्यांच्या डॉक्टरांना ड्राव्हेचं नाव नवं असतं. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

औषध, जे उलटं पडतं

नाव लवकर कळायला हवं, याचं सगळ्यात ठोस कारण हे आहे. फिट्सवर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी काही औषधं सोडियमची दारं बंद करून काम करतात: कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन. अपस्माराच्या असंख्य रुग्णांना त्यांचा उत्तम गुण येतो. एका बाजूची आकडी दिसली की कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन मनात येणं अगदी स्वाभाविक. पण ड्राव्हेमध्ये आधीच अर्धपोटी असलेल्या त्या कार्यकर्त्यांच्या ताटातलं उरलंसुरलं ही औषधं काढून घेतात. आकड्या वाढतात. मग डोस वाढवला जातो, आणि आकड्या आणखी वाढतात. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात असंही दिसलं की पहिल्या पाच वर्षांत ही औषधं जितका जास्त काळ दिली गेली, तितकी पुढे मुलांची बौद्धिक वाढ मागे राहिली.

तुमच्या मुलाला यांतलं एखादं औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका. फिट्सचं कोणतंही औषध एकदम तोडलं की जिवावर बेतू शकतं. ‘ड्राव्हे असू शकेल का?’ एवढा प्रश्न मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. औषध बदलायचं की नाही आणि कसं, ते सांगतील.

ड्राव्हेमध्ये सुरुवात सहसा व्हॅल्प्रोएटने, त्यासोबत क्लोबाझामने होते. पुरेसा गुण नाही आला तर टोपिरामेट, स्टिरिपेंटॉल, आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली किटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिठूळ पदार्थांचा, आहार. गांजाच्या झाडातून वेगळं काढलेलं, नशा न आणणारं कॅनाबिडिऑल अमेरिकेत २०१८ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. फेनफ्लुरामिनची कथा तर चकित करणारी आहे. हे मुळात वजन कमी करायचं औषध. हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घेतलं गेलं. दरम्यान बेल्जियममधल्या डॉक्टरांना हट्टी फिट्सवर त्याचा गुण दिसला होता. कमी डोस आणि हृदयाची नियमित सोनोग्राफी या अटींवर २०२० मध्ये ते ड्राव्हेसाठी परत आलं. याखेरीज जनुकाच्या धड असलेल्या प्रतीकडून जास्त काम करवून घेणाऱ्या, पाठीच्या कण्यातून द्यायच्या औषधाच्या चाचण्या सुरू आहेत. इतकी वर्षं सगळी औषधं आकडीच्या मागे धावत होती. मुळाशी जाऊ पाहणारं असं औषध ही नवी गोष्ट आहे.

आकड्या पूर्ण बंद करणं बहुतेकांच्या बाबतीत साधत नाही. लांबलेल्या आकड्या टाळणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. आकडी आली की घड्याळ बघायचं. मुलाला एका कुशीवर वळवायचं, कपडे सैल करायचे, तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, बोटही नाही. कांदा आणि चप्पल यांनी आकडी थांबत नाही. ती आपोआप थांबायच्या वेळी कांदा नाकाशी असतो, एवढंच. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे, आणि तडक दवाखाना. ड्राव्हेच्या काही मुलांना डॉक्टर पाच मिनिटांच्याही आधी स्प्रे द्यायला सांगतात. स्प्रे कपाटात कुलपात ठेवायचा नसतो. तो मुलाबरोबर फिरला पाहिजे: आजोळी, शाळेत, लग्नाच्या हॉलवर.

लस, ग्रहण आणि दोष

काही बाळांना पहिली आकडी लस टोचल्यावर दिवस-दोन दिवसांत येते. मग घरात वर्षानुवर्षं एकच वाक्य राहतं: ‘त्या सुईनंतर सगळं झालं.’ हे वाटणं किती साहजिक आहे! काल हसणारं बाळ, आज सुई, उद्या आकडी. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये याच भीतीने डांग्या खोकल्याची लस घेणं लोकांनी मोठ्या प्रमाणावर थांबवलं, आणि डांग्या खोकल्याच्या साथी परत आल्या.

ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युअल बेर्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा चौदा जणांची तपासणी केली, ज्यांच्या मेंदूला लसीमुळे इजा झाली असं मानलं जात होतं. चौदापैकी अकरा जणांत एससीएन१एचा बिघाड सापडला. लसीने आलेल्या तापाने पहिल्या आकडीला निमित्त दिलं होतं. आजार आईच्या पोटात असल्यापासून होता. नंतरच्या अभ्यासात हेही दिसलं की लसीच्या निमित्ताने आकड्या थोड्या लवकर सुरू झाल्या, तरी पुढची वाटचाल इतर ड्राव्हेच्या मुलांसारखीच असते. गोवराने किंवा डांग्या खोकल्याने येणारा ताप लसीच्या तापापेक्षा या मुलांसाठी कितीतरी जास्त घातक. म्हणून लसी चुकवायच्या नाहीत. तापाचं औषध कधी द्यायचं, स्प्रे जवळ कसा ठेवायचा, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्यायचं.

लसीवर दोष ठेवून झाला की तो आईकडे वळतो. ग्रहणात सुरी हातात घेतली होती, पपई खाल्ली होती, डोहाळजेवणाला कुणाची नजर लागली, सातव्या महिन्यात प्रवास केला. यांतल्या कशाचाही या जनुकाशी काडीचा संबंध नाही. दहापैकी सुमारे नऊ मुलांमध्ये हा बिघाड नव्याने घडलेला असतो. आईवडिलांच्या रक्ताच्या चाचणीत तो नसतो. नात्यातल्या लग्नामुळे काही आजार वाढतात हे खरं, पण ड्राव्हे सहसा त्यांतला नाही.

पुढच्या मुलाचं काय, हा प्रश्न प्रत्येक जोडप्याच्या मनात असतो आणि बराच काळ तोंडून निघत नाही. धोका कमी असतो, पण शून्य नसतो. कधी कधी आई किंवा वडील यांच्या काही थोड्याच पेशींत तो बिघाड असतो आणि साध्या चाचणीत तो निसटतो. म्हणून पुढच्या गर्भारपणाच्या आधी जनुकतज्ज्ञांना भेटावं. गर्भातच तपासणी करण्याची सोय आहे.

जनुकाची चाचणी म्हणजे रक्ताचा एक नमुना. अपस्माराशी संबंधित बरीच जनुकं एकदम तपासली जातात. ड्राव्हेच्या दहापैकी आठाहून जास्त मुलांत एससीएन१एचा दोष सापडतो. पण चाचणीचा कागद एकटा बोलत नाही. याच जनुकातल्या वेगळ्या बदलाने एखाद्या घराण्यात तीन पिढ्यांना तापातल्या साध्या आकड्या येतात आणि सगळे धडधाकट असतात. वेगळ्याच बदलाने अर्धशिशीचा एक दुर्मीळ प्रकार होतो. आणखी एका प्रकारात दारं कमी पडण्याऐवजी जास्तच उघडी राहतात. त्या बाळांना तीन महिन्यांच्या आतच आकड्या सुरू होतात, आणि त्यांच्यात सोडियमचं दार बंद करणारी औषधं उपयोगी ठरू शकतात, म्हणजे सगळं उलट! तेव्हा रिपोर्टवर नाव दिसलं म्हणून इंटरनेटवर शोधत बसण्याआधी तो मुलाच्या कहाणीशेजारी ठेवून वाचणारे डॉक्टर गाठावेत. आणि चाचणी कोरी आली, पण कहाणी तंतोतंत जुळतेय, तर निदान कहाणीवरूनही होतं.

एक कठीण गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ड्राव्हेमध्ये झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका इतर अपस्मारांपेक्षा बराच जास्त आहे. प्रौढ होईपर्यंत शंभरातली पंधरा ते वीस मुलं दगावतात. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं कारण हा अचानक मृत्यू असतो, आणि त्याखालोखाल थांबत नसलेली आकडी. अनेक पालक म्हणतात, हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं तर रात्री एकाच खोलीत झोपणं, आवाज टिपणारं यंत्र लावणं, औषधाची एकही खेप न चुकवणं, यांना अर्थ येतो. त्याच हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: शंभरातली ऐंशी ते पंच्याऐंशी मुलं मोठी होतात.

आपल्याकडे मदत कुठे?

अमेरिकेतल्या एका अभ्यासानुसार साधारण पंधरा-सोळा हजार जन्मांमागे एक मूल ड्राव्हेचं असतं. महाराष्ट्रात वर्षाला अठरा लाख जन्म धरले, तर याच हिशेबाने दर वर्षी शंभराहून जास्त अशी बाळं जन्मत असणार. त्यांच्यापैकी कितीजणांच्या फाइलवर हे नाव लिहिलेलं असेल? बाकीच्यांच्या फाइलवर नुसतंच ‘तापातली आकडी’ किंवा ‘फिट्स’ असणार, आणि कुठल्यातरी तालुक्याच्या गावी त्यांतलं एखादं मूल आज न सोसणारं औषध घेत असेल.

वाढीच्या अडचणींसाठी प्रत्येक वेळी मुंबई-पुणं गाठायला हवंच असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं आहेत, ज्यांना सगळे डीईआयसी म्हणतात. तिथे वाचा, फिजिओ आणि वाढीच्या इतर तपासण्या-उपचार व्हावेत अशी योजना आहे. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून तिथवर पोचता येतं. ड्राव्हेचं नाव कुणी ऐकलेलं नसलं तरी वाचा मागे पडली आहे, तोल जातो, हे त्यांना समजतं आणि काम सुरू होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे. त्यांचं प्रमाणपत्र मिळालं तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळू शकतं, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे.

आणि घरात आज, आत्ता करता येण्याजोगं एक काम. एक साधी दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक आकडीची तारीख, मुलाचं वय, कोणती बाजू, किती मिनिटं, ताप होता का, आंघोळ, लस किंवा ऊन, आणि त्या दिवशी कोणती औषधं चालू होती, एवढं लिहा. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. एकाने मूल धरायचं, दुसऱ्याने फोन. निदान झालं असेल तर पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आजाराचं नाव, मुलाचं वजन, स्प्रेचा डोस, न द्यायच्या औषधांची यादी आणि तुमच्या डॉक्टरांचा फोन लिहा. रात्री दोन वाजता अनोळखी दवाखान्यात, आकडी चालू असताना, तुम्हाला बोलायला सुधरणार नाही. तेव्हा ते पान उघडून ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या हातात द्या.